पुलाची भीती कुणाची

शेवंता चौगुलेनं सारा जन्म वारणेच्या अलीकडे काढला आणि पलीकडे एकदाही पाऊल टाकलं नाही. आता वारणा म्हणजे काही समुद्र नव्हे. तिच्या तळसंगी गावाच्या पाणंदीनं चालत निघालं की दहा मिनिटांत जुना दगडी पूल लागतो, आणि पूल ओलांडायला उणीपुरी पाच मिनिटं. गावातली शेंबडी पोरं हात सोडून सायकली दामटतात त्याच्यावरून. पण शेवंता पुलाच्या तोंडाशी आली की तिच्या पोटात गोळा यायचा, कान गच्च व्हायचे आणि पायांतलं बळच निघून जायचं. एकदा घरच्यांनी डोळ्यांवर पदर घ्यायला लावून तिला एस.टी.त बसवलं, तर चाक पुलावर चढायच्या आधीच तिची दातखीळ बसली आणि कंडक्टरनं हात जोडून तिला खाली उतरवलं.

माणसाला कशाचीही भीती असते. सापाची असते, सासूची असते. लोक हसतात आणि विसरतात. शेवंताच्या भीतीनं मात्र तिचं जे नुकसान केलं, ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बारावीला चांगले मार्क पडले, पलीकडच्या तालुक्याच्या गावात नर्सिंगला नंबर लागला, बापानं हौसेनं पांढरा ड्रेस शिवून घेतला. चार दिवस लागोपाठ ती सकाळी पुलापर्यंत गेली आणि चारही दिवस परत आली. पाचव्या दिवशी ड्रेस ट्रंकेत गेला. पुढे गावातल्या गावात सर्जेराव चौगुलेशी लग्न झालं. त्याची पिठाची गिरणी होती, ती शेवंतानं तीस वर्षं चालवली. गावात कुणाला ताप चढला, कुणाची जखम चिघळली, की ही पट्टा बंद करून पिठाच्या हातानं धावायची. सर्जेराव तिला चिडवायचा, "निघाली बघा नर्सबाई." तिला ते लागायचं, पण ती कधी बोलून दाखवायची नाही.

२०३६ सालची दिवाळी झाली आणि ग्रामपंचायतीसमोर अनुबंध केंद्राची गाडी येऊन उभी राहिली. भीतीची मोफत तपासणी, असा मोठा फलक लावलेला.

"जा की," सर्जेराव म्हणाला. "फुकट हाय. निदान त्या पुलाला तरी कळू दे, तू त्याला कितपत भितीस ते."

आता हे केंद्र काय करत होतं, ते थोडक्यात सांगायला हवं. मेंदूच्या आत, दोन्ही कानांच्या बाजूला, बदामाएवढी एकेक गाठ असते. माणूस घाबरला की तिथल्या पेशी ठरावीक क्रमानं पेटतात. हा क्रम प्रत्येकाचा वेगळा, अगदी जुळ्या भावांचासुद्धा. पन्नासेक वर्षांपूर्वी पलीकडच्या गावातल्या एका डॉक्टरांना याचा वास लागला होता. त्यांनी मेंदूच्या लहरी कागदावर उमटवणारं यंत्र आणलं. माणसाला खुर्चीत बसवायचं, डोक्याला तारा लावायच्या आणि ज्याची भीती वाटते त्याबद्दल बोलायला सांगायचं. अलीकडच्या लोकांना ते जीपमध्ये यंत्र घालून भेटायला यायचे. असे दीडशे आलेख त्यांनी काढले आणि ते वारले. कागदाच्या गुंडाळ्या पत्र्याच्या पेट्यांत पडून राहिल्या. केंद्राच्या लोकांनी त्या नव्या यंत्राला वाचायला दिल्या, तेव्हा एक अजब गोष्ट बाहेर आली. पेटीतल्या आलेखांवरच्या काही मेलेल्या माणसांची भीती आज जिवंत असलेल्या माणसांच्या भीतीशी रेघेला रेघ जुळत होती. असे तेरा जण सापडले होते, आणि तेराही जण त्या त्या माणसाच्या मृत्यूनंतर जन्मलेले. वर्तमानपत्रांना तेवढंच पुरलं. पुनर्जन्म सापडला म्हणून त्यांनी रकानेच्या रकाने भरले.

शेवंता चौदावी.

केंद्राच्या डॉक्टर वैजयंती नाडकर्णी स्वतः घरी आल्या. वय पस्तिशीचं, बोलणं मऊ.

"शेवंताताई, करंजवड्याचे हिंदुराव खोत, हे नाव कधी ऐकलंय?"

"न्हाई बा."

"१९८३ साली त्यांचा आलेख काढला होता. भीती कशाची, तर पुलाची. जुन्या पुलाची, वारणेवरच्या. फेब्रुवारी चौऱ्याऐंशीत ते त्याच पुलावरून नदीत गेले. तुमचा जन्म एक जून चौऱ्याऐंशीचा. म्हणजे ते गेले तेव्हा तुम्ही आईच्या पोटात सहाव्या महिन्यात होता. भीतीचा साचा बाळाच्या मेंदूत घडायला लागतो, तो नेमका त्याच सुमाराला. इतकं चपखल जुळलेलं आम्ही आजवर पाहिलेलं नाही."

 डॉक्टरबाईंनी कागद उलटला.

"ते डॉक्टर आणखी एक प्रश्न विचारायचे. आयुष्यात काय करायचं राहिलं? खोतांनी सांगितलंय, दवाखान्यात कंपाउंडर व्हायचं होतं, पण दवाखाना नदीपलीकडं आहे."

शेवंतानं कागद ओढून घेतला आणि ती ओळ स्वतः वाचली. त्या दिवशी सर्जेरावनं तिला नर्सबाई म्हणून चिडवलं नाही.

महिनाभर ती नुसती भांबावलेली होती. दळण टाकताना ज्वारीत गहू मिसळायला लागली. लोक काहीबाही विचारायला यायचे. मधले महिने कुठं होतीस, यमदूत दिसले का, मेलेल्या माणसाला भूक लागते का.  रिकामी बसली की ती डोळे मिटून हिंदुराव खोत आठवायचा प्रयत्न करायची. मिशी होती का? सायकल होती का? काही म्हणजे काही आठवायचं नाही. तरीही तिला एका बाजूनं हलकं वाटत होतं. इतकी वर्षं तिनं स्वतःला भेकड म्हणून घेतलं होतं. आता ती भीती तिची नव्हतीच, कुणाची तरी अर्धी राहिलेली गोष्ट तिच्याकडे पुरी व्हायला आली होती. आणि दुसऱ्या बाजूनं तिला त्या हिंदुरावाचा संतापही यायचा. तुझं भ्यालेपण माझ्या पदरात टाकलंस आणि माझी नर्सिंगची शाळा बुडवलीस. मग तिच्या लक्षात यायचं, की तो म्हणजे आपणच, तर रागवायचं कुणावर? डोकं गरगरायला लागायचं आणि ती उठून पुन्हा पट्टा चालू करायची.

अशात एका सोमवारी गिरणीच्या दारात रिक्षा थांबली. एक पंचाहत्तरीची म्हातारी काठी टेकत उतरली. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं. ती शेवंताकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "अहो."

शेवंतानं मागं वळून पाहिलं. सर्जेराव आला असेल असं तिला वाटलं. मागं कुणीच नव्हतं.

"तुमास्नीच म्हनते," म्हातारी म्हणाली. "मी अक्काताई खोत. वळख पटती का?"

शेवंतानं तिला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. स्वतःपेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठी बाई आपल्याला अहोजाहो करते, डोक्यावरचा पदर सावरते, पाटावर बसत नाही, हे बघून तिला हसावं की रडावं ते कळेना.

अक्काताईची कहाणी साधी होती. माहेर नदीपलीकडचं मालेवस्ती, सासर अलीकडचं करंजवडे. नवरा पुलावर यायचा नाही, त्यामुळे माहेरी गेली की तिला न्यायला दर खेपेला धाकटा दीर यायचा. माहेरच्या भावजया हसायच्या. तुझ्या नवऱ्याला बायको नको, का तुलाच दीर पुरे, असं विचारायच्या. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी बावीस वर्षांच्या अक्काताईनं निरोप धाडला. भाऊजींना पाठवू नका, स्वतः या, न्हाईतर मला न्यायलाच येऊ नका.

"आठ दिसांनी मालक नदीत घावलं," ती म्हणाली. "सासरच्यांनी मला दारात उभं केलं न्हाई. मी माहेरीच ऱ्हायले. त्रेपन्न वर्सं झाली, मी एकच इचारते हाय. मालक पडलं, का माझ्या बोलण्यापायी मालकांनी उडी घातली? मानसं दोन्ही बोलत्यात. देवाला इचारलं, भगताला इचारलं. आता तुमी आलायसा. तुमीच सांगा."

 "मला अजून आठवलेलं न्हाई, काकू," शेवंता कशीबशी म्हणाली.

"काकू नगा म्हनू," अक्काताई लाजून म्हणाली. "आठवंल. मी थांबते. इतकी वर्सं थांबलेच की."

मग ती दर सोमवारी यायला लागली. कधी आंबील आणायची, कधी लसणाचा खर्डा. शेवंतानं खाल्लं की समाधानानं मान हलवायची, मालकांना असाच आवडायचा म्हणायची. खर्डा कुणाला आवडत नाही, पण हे तिला कोण सांगणार? शेवंतालाही ती आवडायला लागली होती. आयुष्यात एवढ्या मायेनं तिची कुणी वाट बघितली नव्हती. आणि माघ लागला तशी अक्काताई म्हणाली, "पंचमीला त्येंची तिथ हाय. त्या दिशी मी पुलाच्या मधी येऊन उभी ऱ्हाते. तुमी बी या. जागेवर आलं की आपसूक आठवंल. आन मग मला जे काय आसंल ते सांगा. कसंबी आसलं तरी सांगा. माझं बी आता किती ऱ्हायलंय?"

पंचमीच्या तीन दिवस आधी शेवंता भावाच्या घरी आईला भेटायला गेली. आई सारजाबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अंथरुणाला खिळलेली पण जीभ शाबूत. लेकीचा पुनर्जन्म झाल्याचं तिला उडत उडत कळलं होतं.

"तो मानूस मेला कवा म्हनालीस?"

"चौऱ्याऐंशीच्या माघात. आन मी एक जूनला झाले."

"कोन म्हनतं?"

"आधारकार्डावर हाय की, आई."

"डोंबल तुझं आधारकार्ड," सारजाबाई म्हणाली. "ती मास्तराची तारीख. शाळेत घालाया तुझा बा घेऊन गेला, मास्तर म्हनला जन्मतारीख सांगा. तुझ्या बाला कुठली तारीख ठावं? मास्तरानं सहा वर्सं मोजली आन एक जून लिवलं. तुझ्या वर्गातली समदी पोरं एक जूनचीच हायती. तू झालीस त्या आदल्या दिवाळीत, वसुबारशीला. गोठ्यात कपिली व्याली आन घरात मी. तो मानूस नदीत गेला तवा तू माझ्या मांडीवर अंगडं घालून खिदळत हुतीस."

शेवंता घरी कशी आली ते तिलाच कळलं नाही. तिनं डॉक्टरबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी एवढंच विचारलं.

"आईंना नक्की आठवतंय?"

"गाय व्याली आन लेक झाली ती रात बाई इसरंल व्हय?"

"शेवंताताई," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या चौदा जणांपैकी नऊ जणांची जन्मतारीख एक जून आहे. मी पुण्यात वाढले. आम्हाला वाटलं, त्या तारखेतच काही गूढ असेल. आम्ही त्यावर एक प्रबंधही लिहायला घेतलाय."

"मग आता वो?"

"आता मला काहीच कळत नाही. आलेख खरे आहेत. तुमची आणि त्यांची भीती एकच आहे, यात शंका नाही. पण तीन महिने तुम्ही दोघंही एकाच वेळी जिवंत होता. मग ती तुमच्यात कुठून आली, की दोघांत तिसरीकडून कुठून आली, की भीती कुणा एकाची नसतेच, मला खरंच सांगता येत नाही."

आता घ्या. ज्यांनी तिला कोड्यात घातलं, त्यांनीच हात वर केले. शेवंताला वाटत होतं, आपल्या भित्रेपणाला निदान एक अर्थ तरी मिळाला. तोही तीन दिवसांवर पंचमी आलेली असताना काढून घेतला. रात्री जेवताना तिनं सर्जेरावला विचारलं. तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, "सांग की म्हातारीला, पाय घसरला म्हनून. तुझं काय जातंय? तिचा जीव सुखानं जाईल."

"आन ते खोटं आसलं तर?"

"खोटं हाय का खरं, हे तरी कुनाला ठावं हाय?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणून तर तिला आणखी त्रास झाला. एक वाक्य बोलायचं आणि त्रेपन्न वर्षांचं ओझं उतरवायचं. पण ज्या बाईनं तिला मायेनं खाऊ घातलं, तिच्या तोंडावर खोटं ठोकून द्यायचं? आणि खरं सांगायचं, तर मी तुमची कुणी नव्हे एवढंच सांगता येणार होतं. तेवढं ऐकायला ती म्हातारी पुलावर येऊन उभी राहणार होती. तीन दिवस शेवंतानं हाच घोळ घातला आणि पंचमीच्या सकाळी काहीही न ठरवता ती पाणंदीनं निघाली.

पुलाच्या मधोमध अक्काताई उभी होती. कठड्याला धरून, एकटीच. रिक्षा पलीकडच्या टोकाला. अलीकडच्या टोकाला शेवंता. तिथून ओरडून सांगता आलं असतं, पण अशी गोष्ट ओरडून सांगायची नसते.

तिनं एक पाय पुढं टाकला. पोटात गोळा आला. दुसरा टाकला. कान बंद झाले. पूल हलतोय, खालचं पाणी वर येतंय असं वाटायला लागलं. बारावीच्या त्या चार सकाळी ती इथूनच मागं फिरली होती. या खेपेला समोर कुणीतरी वाट बघत होतं, एवढाच काय तो फरक. ती कठड्याकडे न बघता, पायाखालच्या दगडांकडे बघत चालत राहिली. किती चालली, किती थांबली, मध्ये एकदा खाली बसली का, तिला काही सांगता यायचं नाही. थंडगार सुरकुतलेल्या हातानं तिचा दंड धरला, तेव्हा तिनं मान वर केली.

"आलासा," अक्काताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

शेवंताला धाप लागली होती. आता थांबलं तर आपण गोड खोटं बोलू, हे तिला कळत होतं.

"काकू, मी ते न्हवं," ती म्हणाली. "माझी जन्मतारीख खोटी हाय, मास्तरानं लिवलेली. तुमचं मालक गेलं तवा मी तीन महिन्याचं प्वार हुते. मला त्येंचं काय बी आठवत न्हाई, आन आठवनार बी न्हाई. मला माफ करा."

अक्काताईनं तिचा दंड सोडला नाही, पण तिचा चेहरा उतरला. वयाची पंचाहत्तर वर्षं एका क्षणात अंगावर आल्यासारखी ती वाकली. खाली बघताना तिची नजर शेवंताच्या पायांवर थांबली. मग म्हणाली, "पाय उघडं का तुमचं?"

शेवंतानं पायांकडे पाहिलं. खरंच की, तिच्या पायांत काही नव्हतं. तिनं मागं वळून बघितलं. दहा-पंधरा पावलांवर तिच्या चपला पडल्या होत्या. तिनं त्या कधी काढल्या ते तिलाच ठाऊक नव्हतं.

"सुटल्या वाटतं," ती म्हणाली. "काढल्या आसतील. काकू, ही भीती लई वंगाळ. पायाखाली दगूड हाय का न्हाई तेच कळत न्हाई. चप्पल घातली की आपुन हवेत चाललोय आसं वाटतं. तळव्याला दगूड लागला तरच म्होरं पाऊल टाकवतं."

अक्काताईनं तिचा दंड घट्ट धरला.

"मालकांच्या वहाना हितंच घावल्या हुत्या," ती म्हणाली. "माझ्या थोरल्या भावाला. मी संगं हुते. पोलिसास्नी कळाया नगं म्हनून त्यानं नदीत फेकल्या. वहाना काढून ठेवल्या म्हंजी मानसानं उडी घातली, आसंच समदी म्हनत्यात. म्हनून मी कुनाला सांगितलं न्हाई. तुमास्नी बी न्हाई."

 शेवंता काहीही ठोकून देणार नव्हती. ती आपल्या पोटातल्या गोळ्याला विचारत होती, आणि तो गोळा तर खराच होता.

"काकू, मला एवढीच गोष्ट ठावं हाय आन ती मी छातीला हात लावून सांगते. आमच्यासारख्या मानसाला जीवच द्यायचा आसला, तर आमी हिरीत देऊ, झाडाला टांगून घिऊ. पुलावर यायचं न्हाई. पुलावर याया जेवढी ताकद लागती ना, तेवढी मराया लागत न्हाई. त्यो मानूस हितवर आला म्हंजी त्येला पलीकडं जायाचं हुतं. हितवर येऊन मग त्येचा तोल गेला आसंल. मला बी आता जाता जाता वाचल्यागत झालंय."

 अक्काताई शेवंताच्या खांद्यावरून मागं बघत होती, त्या दगडांवर पडलेल्या चपलांकडे. दोन्हींची तोंडं पुढं, मालेवस्तीच्या दिशेला होती. एक थोडी मागं, एक थोडी पुढं, चालत्या पायातून सुटलेली.

"तोंडं हिकडंच हुती," ती पुटपुटली. "मालकांच्या वहानांची. कठड्याकडं न्हवती. माझ्या गावाकडं हुती. आन एक फुडं हुती, एक मागं. मी बघितलं हुतं. त्रेपन्न वर्सं माझ्या डोळ्यांम्होरं हाय, पर त्येचा अर्थ मला कुनी सांगितला न्हाई."

तिनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली, आवाज न करता, नवी नवरी रडते तशी. शेवंतानं तिला धरलं. दोघी पुलाच्या मधोमध उभ्या होत्या, आणि शेवंताला एवढंच कळत होतं की आपले पाय अजून लटपटत आहेत, भीती जशी होती तशीच आहे, ती कुणाची आहे हे आता कुणीच सांगू शकणार नाही, आणि तरी आज पहिल्यांदा ती असल्याची आपल्याला लाज वाटत नाही.

"मला न्यायाला निघालं हुतं," अक्काताई म्हणाली. "एकलंच निघालं हुतं."